बोंबलाचे वाटे आणि कानातली शिट्टी

माझं नाव भानू. बाजारात भानूबाय बोलतात. माहेर पण माहुल आणि सासर पण माहुल, त्यामुळं लग्नात मी रडली नाय, रडायचं कशाला, आयसचं घर चार घरं सोडून, भांडण झालं की पदर खोचला आणि पाच मिनिटांत माहेरी. लोक बोलतात तुमच्या माहुलला तेलाचा वास येतो, मासळीचा वास येतो. येत असेल बाबा. आमाला नाय येत, आमी तिथंच जन्मलो.

बापूस माझा होडीवर होता. होडी किनाऱ्याला लागली की वाटे पडायचे, आणि ते लावायचं काम माझ्या बापसाचं. आता वाटा म्हणजे काय, होडीवर पाच माणसं असली तर मासळीचे पाच ढीग, सारखे. तराजू नाय, काटा नाय, नुसती नजर. मंग मला उभी करायचे, मी असेन सात-आठ वर्षांची, ढिगांकडं पाठ, खाडीकडं तोंड. बापूस एका ढिगावर बोट ठेवून ओरडायचा, ह्यो कोनाचा? मी न बघता एक नाव घ्यायची, की तो ढीग त्या माणसाचा. मंग दुसरा, ह्यो कोनाचा? असं पाचही. मला काय वाटायचं, माझी केवढी सत्ता चालते ह्या बाप्यांवर. एकदा मी बापसाला विचारलं, कोणी भांडत का नाय? तर बोलला, वाटा असा लावायचा की लावणाऱ्याला सुद्धा कळू नये ह्यातला चांगला कुठला. ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

सासूची जागा इथं, घाटकोपरच्या बाजारात, हीच, जिथं तुमी वही घेऊन बसलाय ना ताई, त्या खोक्याच्या बाजूला. तिला तिच्या सासूनं दिलेली. तिचे गुडघे गेले तेव्हा प्रश्न आला बसायचं कोणी, कारण जागा एक आणि सुना दोन, मी थोरली आणि माझी जाऊ सुमन धाकटी. सासूनं सगळ्यांसमोर सांगितलं, भानू बसेल, थोरली म्हणून नाय, हिच्याकडं हिच्या बापसाची नजर हाय म्हणून. काय सांगू तुमाला, त्या दिवशी मी हवेत होती. घरात मी कोणाची तरी सून, कोणाची तरी बायको, कोणाची तरी आयस. बाजारात मी भानू. लोक लांबून हाक मारतात.

पापलेट-सुरमई नगावर जाते, पण बोंबील, मांदेली, करंदी ह्यांचे आमी इथं पण वाटेच लावतो. पाटावर केळीचं पान, त्यावर ढीग. गिऱ्हाईक येतं, बघतं, नाक मुरडतं, दोन बोंबील जास्त टाक बोलतं, आपण नाय बोलायचं, मंग एक टाकायचा. असं चाललेलं झकास, सात-आठ वर्षं.

मंग तो गिरणीचा संप झाला ना, त्या वर्षाची गोष्ट. दिवाळी नुकतीच झालेली. मी बाजारात बोंबील साफ करत होती आणि कानात शिट्टी सुरू झाली, बारीक, चीं करून. मला वाटलं वरच्या चाळीत कोणाचा कुकर. शेजारणीला बोलली, अगं कोणाचा कुकर एवढा बोंबलतोय, शिजली असेल की डाळ. ती बोलली कसला कुकर? मी घरी गेली, शिट्टी माझ्यासोबत घरी. नवऱ्याला बोलली तो रेडिओ बंद करा आधी. तो बोलला, बंदच हाय, सेल कधीचे संपलेत. मंग काय, लसूण तापवून तेल घातलं, ओव्याची पुरचुंडी बांधली, कानात बोट घालून हलवून झालं. शिट्टी काय थांबेना. सकाळी उठलं की ती हजर, माझ्या आधी उठून बसलेली.

शिट्टीचं एक वेळ चाललं असतं, बाजारात तसंही कोण कोणाचं ऐकतं. पण आठेक दिवसांनी डोळ्यांचं सुरू झालं, आणि तिथं माझी वाट लागली.

काय झालं, सकाळी धक्क्यावरून बोंबील घेऊन आली, चांगले हातभर लांब, स्वतः निवडून घेतलेले. पान टाकलं, टोपलीत बघते तर बोंबील एवढुसे. हे एवढुसे, मांदेलीएवढे. मी मनात बोलली, मेल्यांनी फसवलं, वर मोठे लावले आणि खाली बारीक भरले. आता बारीक मासळीचा वाटा मोठा लावावा लागतो, नायतर गिऱ्हाईक हात लावत नाय. जिथं सहा लावते तिथं मी तेरा-तेरा, चौदा-चौदा लावले. आणि गर्दी जमली ताई! बायका एकमेकींना हाका मारून बोलावतात. दोन टोपल्या बघता बघता साफ. मी खूश, बोलली आज माझा पायगुण काय भारी हाय. मंग रिकाम्या टोपलीत हात घातला तर माझा हातच मला लांब दिसला, गल्लीच्या त्या टोकाला असावा तसा, आणि बोटं चिमुकली, बाहुलीची. मी घाबरून ओरडली. थोड्या वेळानं सगळं होतं तसं झालं, हात हातासारखा. शेजारीण बोलली, भानू, आज तू धर्मादाय काढला होतास काय? तेव्हा मला कळलं मी काय करून बसली ते.

आणि पुढच्या वेळेला उलटं. बोंबील दिसायला लागले मोठेच्या मोठे, मनगटाएवढे जाड. मी तीन-तीनचे वाटे लावले आणि वर ऐटीत बसली. तेव्हा आमची परबीणबाय आली. ही मालवणची, वरच्या चाळीत राहते, सासूच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, नवरा गिरणीत, म्हणजे तेव्हा संपावर, घरी बसलेला. तिनं वाट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, बोलली, गो भानू, तीनच? माझो घोव संपार हा, म्हणान माझी थट्टा करतंस? आणि मी काय बोलावं? मी बोलली, डोळे फुटले काय तुझे, एवढाले बोंबील दिसत नाय तुला? बाजूच्या बायका हसल्या. परबीणनं पिशवीची घडी केली, काखेत मारली आणि गेली. मंग माझे डोळे ठिकाणावर आले, बघते तर पानावर तीन किडकिडीत बोंबील. ताई, मला एवढी लाज वाटली ना, की ते तीन बोंबील उचलून मी परत टोपलीत पण टाकू शकली नाय. डोळे कोणाचे फुटले होते, आणि बोलली कोणाला.

दुसऱ्या दिवसापासून परबीण त्या पलीकडच्या ओळीत मासळी घ्यायला लागली. माझ्यासमोरून जायची, मान वळवून. एक बाई गेली की चार जातात, आणि बाजारात गोष्ट पसरायला काय वेळ लागतो? भानूच्या वाट्याचा काय भरवसा नाय. हे वाक्य माझ्या पाठीमागं बोलायचे आणि ते मला त्या शिट्टीतून पण बरोबर ऐकायला यायचं.

नवऱ्यानं मला भगताकडं नेली. भगतानं तांदूळ टाकले, डोळे फिरवले, बोलला, हिच्याकडं देवी येऊ बघतेय, कानात घंटा वाजवून दार उघडायला सांगतेय. झालं! चार दिवसांत वाड्यातल्या बायका माझ्या पाया पडायला. एकीनं विचारलं माझ्या मुलीचं लग्न कधी होईल. मी बोलली नवऱ्या मुलाला विचार, मला काय विचारतेस! तर बोलली, बघा, देवी रागावली. मला हसू का रडू कळेना. शेवटी सासू काठी टेकत बाहेर आली आणि सगळ्यांना बोलली, देवीला यायचंच हाय तर तिला सांगा आधी वाटे नीट लावून दे, मंग पाया पडा. आणि दार लावून घेतलं.

त्याच दिवशी तिनं मला समोर बसवली. ओरडली नाय, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. बोलली, पोरी, जागा तुझी पण नाय नि माझी पण नाय, वाट्याची हाय. शिमग्यापर्यंत बघते मी. नाय जमलं तर शिमग्यानंतर सुमन बसेल. मी मान हलवली, तिचं काय खोटं होतं? पण मोरीत गेली, नळ सोडला आणि रडली. नजर म्हणून मला जागा मिळाली, आणि नजरच गेली तर माझ्याकडं राहिलं काय?

सुमन मागून आली. मला वाटलं खूश असेल. ती बोलली, मी मागितली नाय हां जागा. आणि भगत-बिगत पुरे, उद्या इस्पितळात जाऊ. सातवी शिकलेली ती, केसपेपर वाचता येतो, फाडफाड बोलता येतं. म्युन्शिपाल्टीच्या इस्पितळात गेलो, ह्या रांगेतनं त्या रांगेत, कान बघितले, डोळे बघितले, भिंतीवरची अक्षरं मला येत नाय तर फण्यांसारखी उलटसुलट चित्रं दाखवली, दात कुठल्या बाजूला ते सांगायचं. सगळं बरोबर. तिथला एक मोठा डॉक्टर बोलला काय झालेलं नाय, टेन्शन घेऊ नका. अरे, मी घेतलं काय टेन्शन, ते आपण होऊन आलं! मंग एका डॉक्टरीणबाईकडं पाठवलं, पोरगीच ती, वेणी घातलेली. ती मात्र हसली नाय. बोंबील लहान दिसतात, हात लांब जातो, सगळं तिनं लिहून घेतलं. मंग विचारलं, आधी काय होतं, कानाचं की डोळ्याचं?

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी पण स्वतःला विचारलं नव्हतं. मी बोलली, माहीत नाय. ती बोलली, मग पंधरा दिवस लक्ष ठेवा आणि मला सांगा. तिनं समजावलं, ही अर्धशिशीचीच एक जात हाय, डोकं दुखलंच पाहिजे असं नाय. बोलली, टीव्हीचा अँटेना वाऱ्यानं फिरला की चित्र कसं वेडंवाकडं होतं, टीव्ही काय बिघडलेला नसतो, तसं. तुम्ही वेड्या नाही आणि आंधळ्या होणार नाही. हे ऐकलं आणि सुमननं माझा हात दाबला. मी विचारलं, आणि शिट्टी कधी जाणार? तर बोलली, जाईलच असं खोटं नाही सांगणार, कदाचित राहील. माझी सटकली. मी बोलली, मंग तू डॉक्टर कशाला झालीस? ती तेव्हा हसली. गोळ्या दिल्या, बोलली नुसत्या चहावर दुपारपर्यंत बसू नका, सकाळी भाकरी खाऊन निघा.

मी लक्ष ठेवायला लागली. शिट्टीकडं कान लावून बसायची. आधी तिच्यापासून पळत होती, आता तिचीच वाट बघते, बघा माझी तऱ्हा. आणि सापडलं ताई! रोजची शिट्टी बारीक, चीं. पण डोळ्यांचं व्हायच्या आधी ती जाड होते, घूं करून, आणि विडा लावून तोंडात टाकण्याएवढा वेळ जातो, मंग डोळे फिरतात. दर वेळेला असंच. म्हणजे एवढे दिवस ती मला सांगत होती आणि मी तिच्या नावानं बोटं मोडत होती! मंग मी काय करायची, जाड आवाज आला की आधी मोरली बाजूला ठेवायची, मासळी कापायची ती, धार केवढी असते, बोट लहान दिसतंय का मोठं ह्या घोळात कापून घ्यायची. आणि डोळे मिटून घ्यायची.

एकदा असेच डोळे मिटून बसली होती आणि सवयीनं हात टोपलीत गेला. बोंबील हाताला लागला. ताई, तो बोंबलाएवढाच होता. ना मांदेली, ना मनगट. डोकं, पाठ, शेपूट, हातभर, थंडगार. माझ्या डोळ्यांना फसवत होतं ते माझ्या हाताला फसवू शकत नव्हतं. भर बाजारात मी बोंबील धरून रडली, एक गिऱ्हाईक घाबरून पळालं.

मंग घरी सराव. सुमन सुके बोंबील घेऊन बसायची, लहान-मोठे मिसळून, माझ्या डोळ्यांवर फडका बांधायची आणि बोलायची, लाव वाटे. मी लावले की ती एकेक उचलून बघायची. हा बारीक झाला, परत लाव. अशी दटावायची की जशी सासू तीच. मी एकदा विचारलं, अगं येडी हाय काय तू, मी चुकली तर जागा तुला मिळेल, मला कशाला शिकवतेस? ती बोलली, मला नको ती माशी आणि ती घासाघीस, मला शिवणकाम शिकायचंय. तू पडलीस की मी त्या पाटावर अडकली जन्माची. तेव्हा नीट लाव! आमी दोघी एवढ्या हसलो की सासूनं आतून विचारलं काय झालं.

शिमग्याला आठ दिवस राहिले आणि सासू स्वतः बाजारात आली. गुडघे तसले, तरी सुमनच्या खांद्याला धरून आली आणि माझ्या मागं खोक्यावर बसली. सगळा बाजार भेटायला. परबीण पण आली, सासूला भेटायला, माझ्याकडं बघितलं पण नाय. आणि नेमकी तेव्हाच, गर्दीच्या टायमाला, शिट्टी जाड झाली. घूं.  मनात बोलली, आजच काय गं बाई, उद्या आली असतीस तर. पण मोरली ठेवली, डोळे मिटले, आणि टोपलीत हात घातला. मोठा एक, त्याच्याबरोबर बारका एक, पाठ चाचपत, शेपटीला शेपूट लावत, चार वाटे लावले.

एक बाई बोलली, ही काय झोपली काय? दुसरी बोलली, डोळे मिटून वाटे लावते, आणि आम्ही घ्यायचे? आणि मंग परबीणचा आवाज, बघून लावलंस तेव्हा तीन दिलंस, आता न बघता किती देतंस गो?  मी डोळे उघडले नाय. मागून काठीचा आवाज आला, सासूचा हात माझ्या खांद्यावर पडला, जड. बोलली, कोनाकोनाला वाटा पायजे? चौघीजणी होत्या. सासू बोलली, चौघी पाठ करा. आणि भानू, तू पण.

मी पाटाकडं पाठ केली. आणि सासू ओरडली, ह्यो कोनाचा?

 खाडीचा वारा लागल्यासारखं झालं. मी बोलली, परबीणबायचा. ह्यो कोनाचा? त्या पुढच्या बायचा. चारही नावं घेतली. मंग चौघी वळल्या आणि आपापला वाटा बघायला लागल्या, आणि ताई, तो वेळ मला विचारू नका. डोळे मिटलेले, कानात घूं चाललेलं, मला ना दिसतंय ना धड ऐकू येतंय. नुसती उभी. आता माझ्या जागेचं काय ते ह्या चार बायकांच्या तोंडात. परबीण म्हणे स्वतःचा वाटा उचलते, बाजूवालीचा उचलते, दोन हातांत तोलते, परत ठेवते, बोंबील बोंबलाला लावून बघते. हे मला मंग सुमननं सांगितलं. मला कळलं ते एवढंच, की कोणीतरी माझं मनगट धरलं, आणि कानाजवळ बोललं, सारखेच असत गो. सगळे सारखे. पयल्यासारखे.

मी डोळे उघडले तेव्हा परबीणचं डोकं मला सुपारीएवढं दिसत होतं, पण बाई तीच होती. मी टोपलीतनं तीन बोंबील काढले, तिच्या पिशवीत टाकले, बोलली हे वाट्यातले नाय, हे त्या दिवशीचे, मला माफ कर. ती नको बोलली, मी घे बोलली, दोघी रडायला लागलो. सासू मागून बोलली, मोरली घे, गिऱ्हाईक उभं हाय. एवढंच बोलली. शिमगा आला नि गेला, जागेचा विषय परत कोणी काढला नाय.

त्याला आता पाच वर्षं झाली. परबीणचा नवरा परत गिरणीत गेलाच नाय, मुलुंडला एका कंपनीच्या गेटवर असतो, आणि तिची पिशवी माझ्याकडंच येते. सुमननं कुर्ल्याला मशीन टाकलंय, हा ब्लाऊज तिनंच शिवलाय, बघा बाह्या कशा बसल्यात. डोळ्यांचं आता महिन्या-दोन महिन्यांतनं एकदा होतं. डॉक्टरीणबाईला एकदा पापलेट नेऊन दिलं, ती बोलली घेता येत नाही, मी बोलली मंग मी पण गोळ्या घेणार नाय, तेव्हा घेतलं. शिट्टी हाय अजून. तुमच्याशी बोलतेय तेव्हा पण चालू हाय. मी तिला शिव्या देत नाय आता. सकाळी उठल्यावर बोलते, आलीस काय, चल, उशीर झाला. सासू आता अंथरुणावर असते, तिच्यासाठी रोज एक वाटा घेऊन जाते. ती हात फिरवते त्याच्यावर. काय बोलत नाय. बोलत नाय म्हणजे बरोबर हाय.

थांबा हां ताई. जाड झाली. नाय नाय, घाबरू नका, बसा तुमी, मोरली ठेवली मी. डोळे मिटते. तुमी एवढं लांबून आलात, माझं रडगाणं ऐकलंत, लिहून घेतलंत, देव तुमचं भलं करो, पण रिकाम्या हातानं मी नाय जाऊ देणार. दोनच वाट्यांपुरते उरलेत. एक तुमचा, एक सासूचा. हा झाला एक. आणि हा दुसरा. आता पाठ करा माझ्याकडं. केलीत? मागं बघायचं नाय हां. बोला, ह्यो कोनाचा? बोला की ताई, थांबलात कशाला, कुठलं पण नाव घ्या.